चामड्यावरील पिसांचे कोरीवकाम

झाडांची साल, हिरडा अशा वनस्पतिजन्य पदार्थांनी कमावलेले चामडे ओलसर करून त्यावर चाकूने रेघा कापायच्या आणि धातूच्या ठशांनी ठोकून पक्ष्याच्या पिसाचा उठाव आणायचा, अशी ही चर्मकला आहे. या कामात चामड्याचा कणही काढून टाकला जात नाही. कापाच्या एका बाजूचे चामडे दाबून खाली बसवले, की दुसरी बाजू आपोआप वर आल्यासारखी दिसते. कमरेचे पट्टे, पाकिटे, वह्यांची आवरणे, गिटारचे पट्टे, चाकूची म्याने आणि घोड्याचे खोगीर यांवर ही नक्षी करतात.

पार्श्वभूमी

ठोकून नक्षी केलेली खोगिरे स्पॅनिश लोकांबरोबर मेक्सिकोत आली. तिथल्या गुराख्यांकडून ती कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये पोहोचली आणि अमेरिकेच्या पश्चिम भागातील खोगीरकारांनी त्यांना आपले वळण दिले. वायोमिंगमधील शेरिडन गावचे डॉन किंग (१९२३–२००७) यांच्या नावाशी जोडलेली शेरिडन शैली ही त्यातली सर्वांत नावाजलेली. गोल वळसे घेणाऱ्या देठांमध्ये दाटीने बसवलेली लहान फुले ही तिची खूण. हौशी कारागिरांपर्यंत ही कला नेली ती टेक्सासमधील फोर्ट वर्थच्या टँडी कंपनीने आणि तिच्यासाठी असंख्य नमुने रेखाटणाऱ्या अल स्टोलमन (१९१९–१९९८) यांनी. फुलांच्या वेलबुट्टीशेजारी प्राणी, पक्षी आणि पिसे हेही विषय याच परंपरेत आले.

अमेरिकेत कोरले जाणारे पीस बहुधा गरुडाचे असते, त्यामुळे ही मूळ अमेरिकी जमातींची कला असावी असा समज होतो. तो बरोबर नाही. मैदानी प्रदेशातील जमाती कातड्यावर रंगकाम करत, साळिंदराचे काटे आणि मणी शिवत. चाकू-ठशांचे काम खोगीरकारांचे आहे. पिसाला असलेला मान मात्र त्या जमातींकडूनच आला. बाल्ड ईगल या गरुडाला संरक्षण देणारा अमेरिकी कायदा १९४० चा. १९६२ मध्ये त्यात सोनेरी गरुडाचाही समावेश झाला. त्यामुळे या पक्ष्यांचे गळून पडलेले पीससुद्धा सामान्य माणसाला बाळगता येत नाही. मान्यताप्राप्त जमातींच्या सदस्यांना धार्मिक कामासाठी ते परवान्याने मिळते. इतरांनी चामड्यावर कोरलेल्या पिसावर समाधान मानायचे.

जपानमध्ये हा विषय वेगळ्या वाटेने रुजला. टोकियोच्या हाराजुकू भागातील ‘गोरोज’ या दुकानाचे संस्थापक ताकाहाशी गोरो (१९३९–२०१३) यांनी सुरुवात चर्मनक्षीने केली. पुढे त्यांची चांदीची पिसे इतकी गाजली, की तिथल्या तरुणांच्या पेहरावात पीस हे चिन्ह पक्के बसले.

चामडे आणि ओल

क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेले मऊ चामडे या कामाला चालत नाही. दाबलेला ठसा ते धरून ठेवत नाही, थोड्या वेळात पुन्हा फुगते. सालीतील टॅनिनने कमावलेले चामडे पाणी शोषते, ओले असताना मऊ होते आणि वाळल्यावर दिलेला आकार धरते. पट्ट्यासाठी साधारण ३ ते ४ मिलिमीटर जाडीचे, पाकिटासाठी त्याहून बरेच पातळ चामडे घेतात. बाजारात जाडी ‘औंसा’त सांगतात. इथे औंस हे वजन नसून इंचाचा चौसष्टावा भाग, म्हणजे सुमारे ०.४ मिलिमीटर, धरला जातो.

महाराष्ट्राला असे चामडे नवे नाही. कोल्हापुरी चपलेचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा वापरूनच कमावले जाते. ढोर समाजाने कातडे कमवायचे आणि चर्मकारांनी त्याच्या वहाणा घडवायच्या, अशी या धंद्यातली जुनी वाटणी होती. या चपलांना २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यांची सजावट वेणी, गोंडा आणि पाडलेली भोके अशी असते. फिरत्या चाकूने चित्र कोरण्याची रीत त्यात नाही, पण नक्षीला लागणारा चामड्याचा गुण त्यात पुरेपूर आहे.

शिकणाऱ्याचा पहिला कस चाकूपेक्षा ओलीतच लागतो. स्पंजाने पाणी लावून चामडे पिशवीत रात्रभर बंद ठेवतात, म्हणजे ओल आतपर्यंत सारखी मुरते. दुसऱ्या दिवशी ते उघड्यावर ठेवायचे. वरचा रंग मूळच्या फिकट छटेकडे परतू लागला, पण गालाला लावल्यावर गार लागत असेल, तर ती कामाची वेळ. योग्य ओलीत ठशाखालचे चामडे गडद तपकिरी होते आणि ती सावली कायम राहते. पाणी जास्त असेल तर ठसा लगदा झाल्यासारखा येतो, रंग चढत नाही. कोरडे पडले तर चाकू अडखळतो. काम लांबले की मधून मधून हलका ओला स्पंज फिरवावा लागतो. ठोकून चामडे लांबते, म्हणून मागच्या बाजूला चिकटपट्टी लावून घेणे शहाणपणाचे.

ओल्या चामड्याला साध्या लोखंडाचा स्पर्श झाला तर टॅनिनशी संयोग होऊन निळसर काळा डाग पडतो. म्हणून ठशांवर क्रोमचा मुलामा असतो. लिंबाच्या रसाने असे डाग बरेचसे फिकट होतात.

पिसाची रचना

नवशिक्याचे पीस हमखास पानासारखे दिसते. मध्ये शीर, दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर सरळ रेघा, की झाले पान. नक्षी बिघडते ती हात अडाणी असल्यामुळे कमी आणि पीस नीट पाहिलेले नसल्यामुळे जास्त. कोंबडीचे एक पंखातले पीस समोर ठेवले तरी पुष्कळ कळते.

पिसाचा कणा बुडाशी जाड आणि पोकळ असतो, टोकाकडे बारीक होत जातो आणि क्वचितच सरळ असतो. कण्यापासून निघणारे तंतू टोकाच्या दिशेने झुकलेले असतात आणि कडेकडे जाताना हलके वळतात. उड्डाणाच्या पिसाची एक बाजू अरुंद व दुसरी रुंद असते, शेपटीच्या मधल्या पिसात दोन्ही जवळपास सारख्या. बुडाजवळ तंतू सुटे, कापसासारखे भुरभुरे. तंतूंना सूक्ष्म आकडे असतात आणि ते शेजारच्या तंतूला धरून ठेवतात. आकडे सुटले की पिसात फट पडते, पक्षी चोचीने विंचरून ती पुन्हा जुळवतो. नक्षीतल्या पिसाच्या कडेला दिसणाऱ्या त्रिकोणी खाचा म्हणजे याच फटी. त्यामुळे खाच नेहमी तंतूंच्या दिशेनेच जायला हवी. आडवी खाच पडली तर पीस कात्रीने कापल्यासारखे वाटते.

मोराचे पीस हा वेगळाच प्रकार आहे. डोळ्याचा भाग सोडला तर त्याचे तंतू एकमेकांत गुंतलेले नसतात, सुटेच असतात. तिथे अखंड पाते, म्हणजे कण्याच्या बाजूचा तंतूंचा सलग सपाट भाग, दाखवून चालत नाही.

काप आणि ठोके

चित्र पारदर्शक कागदावर काढून बोथट टोकाच्या सळईने दाबत चामड्यावर उतरवतात. कार्बन कागद वापरत नाहीत, त्याचे डाग निघत नाहीत. कापण्याचे हत्यार म्हणजे स्विव्हल, म्हणजे बोटांत फिरणारा, चाकू. त्याच्या वरच्या खोबणीत तर्जनी टेकवायची, अंगठा आणि मधल्या बोटांनी दांडा फिरवायचा, करंगळी चामड्यावर ठेवून हात स्थिर करायचा आणि पाते स्वतःकडे ओढायचे. बाह्यरेषा जाडीच्या एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत कापतात. पाते बाजूला कलले तर काप तिरपा जातो आणि पुढे त्याची कड फाटते. पात्याला लाल पॉलिश लावलेल्या चामड्यावर दर थोड्या वेळाने घासावे लागते. हे टाळणाऱ्याला चाकू ‘ओढतो’ असे वाटत राहते आणि तो उगाच नवा चाकू विकत घेतो.

आधी कण्याच्या दोन रेषा. त्या बुडाशी अंतर ठेवून निघतात आणि टोकाच्या थोडे आधी एकमेकींत विरतात. मग बाह्यकड, मग खाचा. काप एकमेकांना छेदू द्यायचे नाहीत. छेदले की कोपरा सैल होऊन उचकटतो.

त्यानंतर बेव्हलर, म्हणजे उतरत्या तोंडाचा ठसा. त्याची खोल बाजू कापात बसवून वरून मोगरीने ठोके द्यायचे, आणि प्रत्येक ठोक्यागणिक ठसा अगदी थोडा सरकवायचा. ठसे एकमेकांवर चढले तर उतार सलग येतो, अंतर पडले तर पायऱ्या दिसतात. खाली ग्रॅनाइटची फरशी असली तर ठोका वाया जात नाही. बाह्यकडेला बाहेरच्या अंगाने ठोकतात, म्हणजे पीस पार्श्वभूमीवरून उठते. कण्याला दोन्ही अंगांनी पिसाच्या पात्याकडे ठोकतात, म्हणजे कणा त्या पात्याच्या वर उभा राहतो. दोन पिसे एकमेकांवर असतील तर कोणते वर आहे हे ठोकण्याआधीच ठरवून ठेवावे. एकदा चुकीच्या बाजूला ठोकले की तो भाग परत आणणे जवळपास अशक्य.

पिसाच्या पात्यावरचे हलके खोलगट भाग पेअर शेडर या नासपतीच्या आकाराच्या ठशाने आणतात. मॉडेलिंग स्पून नावाच्या चमच्यासारख्या हत्याराने कडा गोलावतात, कणा गुळगुळीत करतात. खाचांच्या टोकांखाली अंडरकट बेव्हलर सरकवून ती किंचित उचललीही जातात. उचललेल्या टोकाखाली सावली पडते आणि पिसात जीव येतो.

तंतूंच्या रेघा सगळ्यात शेवटी, कारण आधी मारल्या तर ठोक्यांनी दबून जातात. बारीक पात्याचा चाकू कण्यापासून कडेकडे वळवत नेतात आणि जाता जाता हात उचलतात. या रेघा केवळ पृष्ठभागावर ओरखडा उठेल इतक्याच खोल. पिसाचे काम फुलापेक्षा अवघड ठरते ते इथे. फुलात जोर लावून निभावते, पिसात बाह्यरेषेचा खोल काप, कण्याची मध्यम उंची आणि तंतूंचा नुसता स्पर्श असे तीन वेगळे दाब एकाच हाताला सांभाळावे लागतात. एकाच वेळी अनेक रेघा उठवणारे ठसेही मिळतात, त्यांनी काम लवकर होते, पण दात मोजून घ्यावेत इतक्या सारख्या रेघा पडतात आणि पीस कंगव्यासारखे दिसते. हाताने मारलेल्या रेघा कुठे दाट, कुठे विरळ असतात, काही अर्ध्यात थांबतात. बुडाच्या लवीसाठी आखूड, उलटसुलट वळणाचे फटकारे पुरतात.

रंगकाम

नक्षी पूर्ण वाळल्याशिवाय रंग लावत नाहीत, निदान एक दिवस तरी थांबतात. स्पिरिटमधला रंग पातळ करून ब्रशाने थराथराने चढवतात. तरुण सोनेरी गरुडाच्या शेपटीचे पीस बुडाशी पांढरे आणि टोकाशी गडद असते, आणि अमेरिकी कामात तेच सर्वाधिक दिसते. पांढऱ्या भागावर रंग न लावता चामड्याचा मूळ बदामी रंगच ठेवतात. गडद आणि फिकट यांची सीमा सरळ रेघेत न ठेवता तंतूंच्या दिशेने ओढून दातेरी करतात. मग रंगरोधक लाखेचा हात देऊन वर गडद अँटिक पेस्ट चोळतात आणि लगेच पुसून घेतात. पेस्ट फक्त कापांत आणि खळग्यांत राहते. लाख नीट लागली नसेल तर तीच पेस्ट फिकट भागात मुरून सगळे पीस मळकट करते.

पट्ट्यावर पीस लांबीच्या दिशेने बसवतात. आडवे बसवले तर पट्टा वाकताना कणा आणि बाह्यरेषेचे खोल काप उघडे पडतात आणि काही महिन्यांत तिथे चीर धरते. पाकिटाच्या घडीवरून पीस नेणेही याच कारणाने टाळतात.