तुपाच्या बोटाखालचा सात

आषाढात बेळगावात छत्रीचा उपयोग डोक्यापुरताच. पाहुण्यांना द्यायला कुंदा घ्यावा म्हणून एका दुकानात शिरलो, तेव्हा गुडघ्यापर्यंत भिजलो होतो. काउंटरवरच्या मुलीने डबा मशीनसमोर धरला. आवाज नाही. तिने डबा तिरका केला, ओढणीने पुसला, पुन्हा धरला. बरोबर बारकोडच्या काळ्या पट्ट्यांवर कुणाचं तरी तुपाचं बोट उमटलं होतं. "बरवल्दु," ती मागे कुणाला तरी ओरडली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "येईना झालंय बघा."

मी गंमत म्हणून मोबाइलमधलं एक फुकट ॲप त्याच डब्यावर धरलं. त्याने झटक्यात तेरा आकडे दाखवले. मोबाइलची नजर जास्त तीक्ष्ण, असं कुणालाही वाटेल. पण नजरेचा भाग यात थोडाच आहे.

मला कन्नड सलग वाचता येत नाही. तरी मुख्य बसस्टँडवर धो धो पावसात, काचेवर वाफ धरलेली गाडी आत वळली की तिची पाटी मी ओळखतो. आमच्या बाजूला खानापूर, नंदगड, जांबोटी, कणकुंबी अशा मोजक्याच गावांच्या गाड्या लागतात. मी अक्षरं वाचत नसतो, या चारांपैकी कोणतं एवढंच ठरवतो. खराब बारकोड वाचणारं सॉफ्टवेअरही नेमकं हेच करतं.

डब्यावरचा बारकोड म्हणजे एका ओळीत मांडलेली 95 सारखी घरं. ठरलेल्या मूळ मापात एक घर 0.33 मिलिमीटर रुंद. दोन्ही टोकांना आणि मधोमध खुणेच्या पट्ट्या असतात, त्या नेहमी एकसारख्या. उरलेल्या 84 घरांत बारा आकडे बसतात, प्रत्येकाला सात घरं. मग तेरावा कुठे? सगळ्यात पहिला आकडा, भारतात नोंदलेल्या मालावर 890 मधला 8, पट्ट्यांत छापलेलाच नसतो. डावीकडच्या सहा आकड्यांना लिहायची दोन-दोन वळणं आहेत, आणि कोणत्या आकड्याला कोणतं वळण वापरलंय यावरून तो ताडायचा. हा चोरकप्पा मला फार आवडतो.

सात घरं काळी-पांढरी भरायच्या 128 तऱ्हा होतात. त्यांतल्या डाव्या अर्ध्यात फक्त 20 चालतात, उजव्या अर्ध्यात दहाच. म्हणजे फलाटावरच्या गाड्या ठरलेल्या. पाटी कितीही धूसर असो, नसलेल्या गावाची गाडी येणार नाही.

छपाईचा त्रास तर बारकोडच्या जन्मापासूनचा आहे. नॉर्मन जोसेफ वुडलँड यांनी मायामीच्या किनाऱ्यावर बसून तारायंत्राच्या मोर्स लिपीतल्या टिंब-रेघा वाळूत काढल्या, बोटांनी खाली ओढल्या, आणि त्यातून जाड-बारीक पट्ट्या सुचल्या. बर्नार्ड सिल्व्हर यांच्यासह त्यांना 1952 मध्ये पेटंट मिळालं. त्यात पट्ट्या गोल वळवून नेमबाजीच्या फळीसारखं वर्तुळही केलं होतं, म्हणजे डबा कसाही धरा, चालेल. पण छापताना कागद ज्या दिशेने धावतो त्या दिशेला शाई ओढली जाते, आणि वर्तुळ तिथे फिसकटतं. आयबीएमच्या जॉर्ज लॉरर यांनी सरळ पट्ट्यांचा आग्रह धरला. कागद पट्टीच्या लांबीच्या दिशेने धावला आणि शाई ओढली गेली, तर पट्टी नुसती लांब होते, जाड होत नाही. 26 जून 1974 रोजी अमेरिकेत ओहायोतल्या ट्रॉय गावी च्युइंगमचं पाकीट पहिल्यांदा असं वाचलं गेलं.

तरीही शाई थोडी चहूकडे पसरतेच, विशेषतः स्वस्त कागदावर. इथे एक बारीक गोम आहे. डाव्या अर्ध्यात 1 हा आकडा असा असतो: दोन घरं पांढरी, दोन काळी, दोन पांढरी, एक काळं. आता दोन्ही काळ्या पट्ट्या डावीकडे एकेक घर फुगवा. काय उरलं? एक पांढरं, तीन काळी, एक पांढरं, दोन काळी. हा हुबेहूब 7 आहे. 2 चा 8 ही तसाच होतो. बाकीच्या आकड्यांना हा धोका नाही, कारण सॉफ्टवेअर पट्टीची जाडी मोजतच नाही. ते एका पट्टीच्या डाव्या कडेपासून पुढच्या पट्टीच्या डाव्या कडेपर्यंतचं अंतर मोजतं. सगळ्या पट्ट्या सारख्याच सुजल्या तर हे अंतर बदलत नाही. पण 1 आणि 7 यांची ही अंतरं नेमकी सारखी निघतात, म्हणून तिथे जाडी बघावीच लागते. मग उपयोगी पडतात त्या टोकाच्या खुणेच्या पट्ट्या. त्या एकच घर रुंद असायला हव्यात हे आधीपासून माहीत असतं, त्या दीड घर दिसल्या तर शाई अर्धं घर पसरली आहे हे कळतं, आणि तेवढी सूज सगळीकडून वजा करता येते.

तुपाचा डाग हा वेगळा रोग. डागाखालचा कागद करडा होतो, आणि संपूर्ण चित्राला एकच माप लावून "याच्यापेक्षा गडद ते काळं" म्हटलं की तो अख्खा तुकडा काळा ठरतो. म्हणून प्रत्येक ठिपका त्याच्या शेजाऱ्यांशी ताडून बघतात. डागाच्या आतही पट्टी आजूबाजूपेक्षा गडदच असते. शिवाय काउंटरवरच्या मशीनमधल्या लेझरची रेघ पट्ट्यांवरून एकाच उंचीवर फिरते. कॅमेऱ्याला मात्र पूर्ण चित्र मिळतं, आणि बारकोडची प्रत्येक आडवी ओळ तीच माहिती पुन्हा सांगत असते. तळाशी डाग असेल तर वरची ओळ घ्या. उजवीकडे वर फाटलं असेल तर डावा भाग वरून, उजवा खालून.

चित्र हललेलं असेल तर आणखी एक युक्ती. काळं-पांढरं ठरवायच्या भानगडीत न पडता दहाही आकड्यांचे नमुने मुद्दाम तितकेच पुसट करायचे आणि समोरच्या पुसट तुकड्याशी कोणता जास्त जुळतो ते बघायचं. पावसातली बसची पाटी ती हीच.

आता समजा एक आकडा पार गेला. 890123456789 एवढे बारा आणि शेवटचा 0, यातला आठवा आकडा, 5, दिसतच नाही. नियम असा की डावीकडून दुसऱ्यापासून सुरू करून एक आड एक आकड्यांना तीनने गुणायचं, बाकीचे तसेच मिळवायचे, आणि बेरजेच्या शेवटी शून्य यायला हवं. उरलेल्यांची बेरीज 115 येते. हरवलेला आकडा तीनने गुणायच्या जागेवर आहे, तेव्हा त्याच्या तिप्पटीच्या शेवटी 5 हवा. तीनचा पाढा म्हणा: 3, 6, 9, 12, 15. तीन पंचे पंधरा. 0 ते 9 मध्ये दुसरा कुठलाच आकडा बसत नाही.

पण ही भरपाई फुकटची नव्हे. पडताळणीचा आकडा भोक बुजवण्यात खर्च झाला की चूक पकडायला कुणी उरत नाही. आणि दुकानात न वाचलेला कोड परवडतो, चुकीचा वाचलेला परवडत नाही. कुंद्याच्या जागी साबणाचं बिल व्हायचं. म्हणून चांगलं सॉफ्टवेअर मिळालेला क्रमांक दुकानाच्या यादीत आहे का ते बघतं, आणि शंका असली तर गप्प बसतं. ही गप्प बसण्याची अक्कल मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

गणपत गल्लीतल्या हातगाडीवरचा हळदीने माखलेला क्यूआर कोड मात्र बिनतक्रार पैसे घेतो. मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो 1994 मध्ये जपानात मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवायला केला, आणि कारखान्यातलं तेल-मळ गृहीत धरूनच. त्यामागचं गणित अर्व्हिंग रीड आणि गुस्टाव्ह सॉलोमन यांचं, 1960 चं. सरळ रेघ काढायला दोन बिंदू पुरतात, पण पाच दिले आणि एक भलतीकडे गेला तर कोणता चुकला तेही कळतं, कुठे हवा होता तेही. क्यूआरमध्ये असे जादा बिंदू भरलेले असतात. सर्वांत वरच्या पातळीवर सुमारे 30 टक्के भाग गेला तरी मजकूर परत मिळतो. आपल्या उद्यमबागेसारख्या ठिकाणच्या ओतीव भागांवर कागद टिकत नाही, तिथे याच गणिताचे चौकोनी कोड धातूत ठोकतात, आणि तिथली लढाई शाईशी नसून सावलीशी असते.

दुकानदारांसाठी एक सांगून ठेवतो. लेबलच्या प्रिंटरचं छापणारं एखादं तापतं टोक जळालं की कागद सरकतो त्या दिशेला पांढरी रेघ उमटते. पट्ट्याही त्याच दिशेने छापल्या असतील तर एखादी पट्टी वरपासून खालपर्यंत गायब होते आणि काहीच वाचता येत नाही. लेबल नव्वद अंशांत फिरवून छापा, तीच रेघ सगळ्या पट्ट्यांना आडवी कापते आणि तिच्या वर-खाली सगळं शाबूत राहतं.

माझ्या मोबाइलमधले आकडे काही दुकानाच्या संगणकात जाणार नव्हते. मुलीने पट्ट्यांखालचे आकडे हाताने मारले. संगणकाने नाकारले. घाईत 4 आणि 7 ची अदलाबदल झाली होती. शेजारचे आकडे उलटसुलट झाले तर तो तीनने गुणायचा नियम ते पकडतो, पण 1 आणि 6 असा पाचाचा फरक असता तर निसटलं असतं. तिने पुन्हा मारले. बिल निघालं, तेही इतकं फिकट की रक्कम तिलाच विचारावी लागली.