सांडपाणी शुद्ध करतं ते क्लोरीन नव्हे

‘सांडपाणी प्रकल्पात क्लोरीन ओतलं की पाणी शुद्ध,’ हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. क्लोरीन वापरलंच तर अगदी शेवटी, रोगजंतू मारायला. पाण्यात विरघळलेली सेंद्रिय घाण त्याने जात नाही.

आणि नदीला मोठा धोका त्या घाणीचाच. ती थेट पात्रात गेली तर तिथले जिवाणू ती फस्त करताना पाण्यातला प्राणवायू संपवतात, मासे गुदमरतात. प्रकल्प हेच काम नदीबाहेर उरकून घेतो. कचरा, वाळू आणि जड गाळ काढल्यावर पाणी हवा सोडण्याच्या टाकीत येतं. तळातल्या डिफ्यूजरमधून, म्हणजे हवा सोडणाऱ्या बारीक छिद्रांच्या भागांतून, बुडबुडे उठत असतात आणि तपकिरी पाणी उकळल्यासारखं ढवळत राहतं. त्यातले जिवाणूंचे पुंजके घाण खाऊन वाढतात, पुढच्या टाकीत तळाशी बसतात. त्यातला बराचसा गाळ परत हवेच्या टाकीत सोडतात, कारण कामकरी जिवाणू त्यातच असतात. ही पद्धत अर्डर्न आणि लॉकेट या संशोधकांनी मँचेस्टरला १९१४ साली मांडली.

म्हणून या जिवाणूंना हवा पुरवणारं यंत्र, ब्लोअर, बंद पडणं ही खरी काळजीची गोष्ट. तिथे जास्तीचं क्लोरीन ओतून भागत नाही. उलट पाण्यात उरलेलं क्लोरीन माशांना मारक ठरतं.