पासष्टावा वाढदिवस आणि अठरावा

ज्येष्ठांवर किंवा निवडणूक कर्मचाऱ्यांवर हात उचलणाऱ्याला, त्यांना धमकावणाऱ्याला जास्त शिक्षा असावी का? अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात ६४ वर्षांच्या माणसाला कुणी मुद्दाम ढकललं, तर तो सहसा किरकोळ गुन्हा ठरतो. शिक्षा फार तर एक वर्ष. त्या माणसाने पासष्टी गाठली की तोच धक्का गंभीर गुन्ह्यात मोडतो आणि कमाल शिक्षा पाच वर्षांवर जाते. ढकलणाऱ्याला समोरच्याचं वय ठाऊक होतं का, हे तिथला कायदा विचारतही नाही.

शरीरशास्त्राच्या बाजूने पाहिलं तर यात तथ्य आहे. वयानुसार मेंदू थोडा आकसतो, कवटी मात्र तेवढीच राहते. मेंदूपासून बाहेरच्या जाड आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा त्यामुळे ताणल्या जातात, आणि डोक्याला साधा हिसका बसला तरी एखादी तुटू शकते. रक्त हळूहळू साचत राहतं. दोन-तीन आठवड्यांनी आजोबा असंबद्ध बोलायला लागतात, चालताना झोक जातो, तेव्हा कुठे घरच्यांना ते टेंगूळ आठवतं. खुब्याचं हाड मोडलं तर वर्षभरात पाचांतला एक तरी दगावतो. धक्का तोच, पण विशीतला पोरगा कपडे झटकून उठला असता. शिक्षा इजेच्या वजनाने मोजायची असेल, तर ज्येष्ठांच्या बाबतीत ती जास्त हवी, हे मला पटतं.

पण असे कायदे करताना ‘जरब बसेल’ असंही सांगितलं जातं. ती बसते का?

उत्तर फ्लोरिडातच सापडतं, दुसऱ्या एका वाढदिवसात. अठरा पूर्ण होताच आरोपी बालन्यायालयातून थेट प्रौढांच्या कोर्टात जातो आणि अपेक्षित कैद दुपटीहून जास्त वाढते. जरब खरी असेल तर त्या आठवड्यात गुन्हे धाडकन खाली यायला हवेत. डेव्हिड ली आणि जस्टिन मॅक्रेरी या अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या अटकांच्या नोंदी तपासल्या. घट निघाली जेमतेम दोनेक टक्के. मुठी वळलेल्या असताना कायद्याचं पुस्तक कोण उघडतं! शिक्षेच्या कडकपणापेक्षा ती चुकणार नाही ही खात्री माणसाला जास्त रोखते, असं बेकारिया या इटालियन विचारवंताने १७६४ मध्येच लिहून ठेवलं होतं.

गंमत म्हणजे उलटा पुरावाही इटलीचाच आहे. तुरुंग खच्चून भरल्यामुळे २००६ मध्ये तिथे तीन वर्षांपर्यंत शिक्षा उरलेल्या कैद्यांना सोडलं. अट अशी, की पाच वर्षांत पुन्हा गंभीर गुन्हा केला तर उरलेली शिक्षाही नव्या शिक्षेत जोडली जाईल. म्हणजे गुन्हा सारखाच, पण एकाच्या डोक्यावर दोन महिने टांगलेले, दुसऱ्याच्या तीस. ज्याचे जास्त उरले होते, तो पुन्हा गुन्ह्याकडे कमी वळला. मला वाटतं, फरक माहितीचा आहे: इथे प्रत्येकाला स्वतःचा आकडा तोंडपाठ होता.

निवडणूक कर्मचाऱ्यांचा प्रश्न म्हणूनच वेगळा. त्यांना धमकावणारा माणूस डोकं फिरल्याच्या त्या क्षणातला नसतो. नाव, नंबर शोधून फोन करतो. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या मतमोजणीत काम करणाऱ्या आईने सोबत काम करणाऱ्या मुलीला आल्याची एक गोळी दिली. त्या चित्रफितीवरून ‘पेन ड्राइव्ह दिला’ अशी आवई उठली आणि दोघींवर धमक्यांचा पाऊस पडला. बदनामीबद्दल ट्रम्प यांचे तेव्हाचे वकील रुडी जुलियानी यांनी १४ कोटी ८० लाख डॉलर द्यावेत, असं ज्युरीने २०२३ मध्ये ठरवलं. धमक्या देणारे बहुतेक निनावीच. त्याच वर्षी अमेरिकेतल्याच नेवाडा राज्याने अशा धमक्यांसाठी चार वर्षांपर्यंतची कैद ठेवली. विचार करून वागणाऱ्याला ती रोखूही शकेल, पण फोन कुठून आला हे पोलिसांनी शोधलं तरच.

आपल्याकडे सरकारी कर्मचाऱ्यावरील हल्ल्यासाठीच्या, जुन्या भारतीय दंड संहितेतल्या कलम ३५३ ची कमाल शिक्षा महाराष्ट्राने २०१८ मध्ये दोनाची पाच वर्षं केली. इलेक्शन ड्युटीवरचे गुरुजीही त्यातच आले. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, कलम १३२ खाली, ती पुन्हा दोन वर्षं आहे. हे चढ-उतार किती जणांच्या कानावर गेले असतील?

आणि म्हाताऱ्या माणसावर हात उचलणारा बऱ्याचदा घरातलाच असतो. तिथे वाढीव शिक्षा उलटीही पडते. मुलगा पाच वर्षं आत जाईल या धास्तीने आई दवाखान्यात सांगते, बाथरूममध्ये पाय घसरला.