चुकीची दोषसिद्धी आणि विधी विद्यार्थ्यांची आंतरवासिता (नागपूर)

न केलेल्या गुन्ह्याबद्दल, किंवा कायद्याने देताच येत नव्हती अशी शिक्षा झाल्यामुळे तुरुंगात असलेल्या व्यक्तींच्या खटल्यांची कागदपत्रे मिळवणे, ती बारकाईने वाचणे आणि त्यांच्या आधारे वकिलाला अपील, पुनर्विलोकन किंवा अल्पवयीनतेचा दावा उभा करण्यास साहाय्य करणे, हे विधी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी आंतरवासितेच्या काळात करावयाचे काम. व्यवहारात ‘इंटर्नशिप’ हाच शब्द रूढ आहे. ‘निर्दोष मुक्तता’ हा शब्द मात्र जपून वापरावा लागतो. वृत्तपत्रे संशयाचा फायदा मिळून सुटलेल्या आरोपीलाही तो सरसकट लावतात. शासकीय परिभाषेतील ‘दोषमुक्ती’ अधिक नेमकी आहे, कारण न्यायालय सहसा आरोप सिद्ध झाला नाही एवढेच सांगते. भारतीय विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ च्या २७७ व्या अहवालात दोषसिद्धीऐवजी ‘चुकीचा अभियोग’ ही व्यापक कसोटी सुचवली, जिच्यात पोलीस व अभियोग पक्षाचे गैरवर्तनही मोडते. प्रस्तुत नोंदीत तोच व्यापक अर्थ घेतला आहे.

या प्रथेचा उगम सामान्यतः न्यूयॉर्कच्या कार्डोझो विधी विद्यालयात बॅरी शेक व पीटर न्यूफेल्ड यांनी १९९२ मध्ये सुरू केलेल्या ‘इनोसन्स प्रोजेक्ट’पाशी नेला जातो. तेथे विद्यार्थी कैद्यांची पत्रे वाचून डीएनए चाचणीने निकाल लागू शकेल अशी प्रकरणे निवडत. जिम मॅकलॉस्की यांची न्यू जर्सीतील ‘सेंच्युरियन मिनिस्ट्रीज’ ही संस्था १९८३ ची, म्हणजे याहून जुनी. परंतु ती विधी विद्यालयाशी जोडलेली नव्हती, आणि मॅकलॉस्की कैद्यांच्या संपर्कात आले ते धर्मशास्त्राचे विद्यार्थी म्हणून. आणखी मागे जाणारे अभ्यासक अमेरिकी विधिज्ञ जेरोम फ्रँक यांच्या १९३३ मधील मांडणीचा दाखला देतात. वैद्यकाचा विद्यार्थी जसा रुग्णापाशी शिकतो तसा विधीचा विद्यार्थी पक्षकारापाशी शिकावा, असा फ्रँक यांचा आग्रह होता. शिक्षणपद्धती म्हणून फ्रँक, आणि निरपराधांच्या सुटकेची संघटित चळवळ म्हणून १९९२, अशी विभागणी केल्यास हा वाद बराचसा मिटतो. या इतिहासाला एक काळी बाजूही आहे. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या पत्रकारिता विद्यार्थ्यांच्या शोधकार्यानंतर १९९९ मध्ये फाशीचा एक कैदी सुटला. पण त्या कामाशी जोडलेल्या खासगी तपासनीसाने मिळवलेल्या कबुलीवरून ज्या दुसऱ्या व्यक्तीस शिक्षा झाली, तिची दोषसिद्धी २०१४ मध्ये रद्द करण्यात आली. एकाला सोडवताना दुसऱ्यावर अन्याय होऊ शकतो, हे प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी सांगितले गेले पाहिजे.

भारतातील प्रथेचे मूळ डीएनएमध्ये शोधण्यापेक्षा १९७० च्या दशकातील विधी साहाय्य चळवळीत शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. दोषसिद्धीनंतर डीएनए चाचणी मागण्याचा स्वतंत्र वैधानिक हक्क आपल्याकडे नाही. न्या. कृष्ण अय्यर समितीचा १९७३ चा अहवाल, १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद ३९-अ आणि एम. एच. हॉसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९७८) हा निकाल, असा हा क्रम आहे. कैद्याला निकालपत्राची प्रत विनामूल्य व वेळेत मिळाली पाहिजे आणि अपिलासाठी वकील मिळाला पाहिजे, हे हॉसकोट प्रकरणात ठरले. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ (अंमल ९ नोव्हेंबर १९९५) यात विधी महाविद्यालयांतील साहाय्य केंद्रांचा स्पष्ट उल्लेख आहे. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे आंतरवासिता करावी लागते. मात्र एका वर्षात सलग चार आठवड्यांहून अधिक नाही.

विद्यार्थ्याला वकालतनामा दाखल करता येत नाही आणि युक्तिवादही करता येत नाही. अधिवक्ता अधिनियम, १९६१ प्रमाणे तो अधिकार नोंदणीकृत वकिलाचा आहे. गोपनीयतेचा प्रश्न अधिक नाजूक आहे. पक्षकार व वकील यांच्यातील संभाषणाला मिळणारे संरक्षण पुराव्याच्या कायद्याने दुभाषी, वकिलाचे कारकून व कर्मचारी यांनाही लागू केले आहे; तरतुदीत विद्यार्थ्याचे नाव नाही. त्याला ‘कर्मचारी’ या शब्दात बसवावे असे एक मत आहे. सावध मत असे की विद्यार्थ्याने वकिलाच्या लेखी नेमणुकीवाचून कैद्याची मुलाखत घेऊच नये, आणि तेच सुरक्षित आहे.

नागपूरचे महत्त्व दोन संस्थांमुळे आहे. वर्धा रोडवरील मध्यवर्ती कारागृह १८६४ चे असून येरवड्याप्रमाणे येथेही फाशीची व्यवस्था आहे. त्यामुळे राज्याच्या दूरदूरच्या जिल्ह्यांतील फाशीचे कैदी येथे ठेवले जातात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात विदर्भाचे अकरा जिल्हे येतात. येथे गल्लत होऊ नये : अपील कोठे चालणार हे तुरुंगावरून नव्हे, खटला कोठे चालला त्यावरून ठरते. शिक्षणाच्या बाजूने, १९२५ मध्ये सुरू झालेले व लॉ कॉलेज चौकाला नाव देणारे विद्यापीठाचे विधी महाविद्यालय आणि वारंगा येथील महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ ही प्रमुख केंद्रे होत. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या, फौजदारी न्यायावर काम करणाऱ्या ‘प्रोजेक्ट ३९-अ’ने २०१९ पासून नागपूर व येरवडा कारागृहांत न्यायाधीन बंद्यांसाठी वकील व समाजकार्यकर्ते नेमून काम सुरू केले, ते दोषसिद्धीच्या आधीच्या टप्प्याचे असले तरी या विषयाशी निगडित आहे, कारण चुकीच्या निकालाची बीजे त्याच टप्प्यावर पडतात.

प्रत्यक्ष काम कसे असते, हे दोन प्रकरणांवरून स्पष्ट होते. पुण्यातील १९९४ च्या हत्याकांडात फाशीची शिक्षा झालेला एक कैदी नागपूर कारागृहात होता. राजस्थानातील त्याच्या शाळेच्या प्रवेश नोंदवहीत जन्मतारीख १ फेब्रुवारी १९८२ होती; म्हणजे घटनेच्या दिवशी त्याचे वय साडेबारा वर्षांचे. खटल्यातील नाव आणि शाळेतील नाव वेगवेगळे असल्याने दोन्ही नावांची व्यक्ती एकच, हेच आधी सिद्ध करावे लागले. अल्पवयीनतेचा दावा अंतिम निकालानंतरही करता येतो, या तरतुदीच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०२३ रोजी त्याची सुटका केली. तोवर २८ वर्षे लोटली होती. अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात भटक्या जमातींतील सहा जणांना २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच फाशीची शिक्षा दिली होती. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सर्वांना दोषमुक्त करून प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश दिला. बचावलेल्या साक्षीदार स्त्रीने घटनेनंतर लगेच पोलिसांच्या छायाचित्र-संग्रहातून भलत्याच चार जणांना ओळखले होते. विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढची ती नोंद अभियोग पक्षाने न्यायालयासमोर आणलीच नाही.

म्हणून विद्यार्थ्याचे आठवडे मुख्यतः प्रमाणित प्रतींसाठी अर्ज करण्यात, पंचनाम्यावरील वेळ जबाबातील वेळेशी ताडून पाहण्यात, आणि मुद्देमाल कोणत्या तारखेला सील झाला व प्रयोगशाळेत कधी पोहोचला हे लिहून काढण्यात जातात. जिल्हा न्यायालयांतील साक्षी मराठीत, खंडपीठाचे कामकाज इंग्रजीत, आणि गडचिरोली किंवा मेळघाटातील कैद्याची बोली माडिया, गोंडी किंवा कोरकू, अशी येथील स्थिती असल्याने भाषांतर हा कामाचा मोठा भाग ठरतो. साक्षीतील ‘ओळखतो’ आणि ‘ओळखले’ या दोन शब्दांमधला फरक इंग्रजी प्रतीत हरवला, तर अपिलाचा मुद्दाच हरवतो. हस्तलिखित मराठी सहज वाचणारा स्थानिक विद्यार्थी येथे फार मोलाचा असतो.

भरपाईचा स्वतंत्र कायदा अद्याप झालेला नाही. दोषमुक्तीनंतरही तुरुंगात ठेवल्या गेलेल्या रुदुल साह यांच्या प्रकरणापासून (१९८३) घटनात्मक न्यायालये आपल्या विवेकाधिकारात रक्कम मंजूर करतात. विधी आयोगाने सुचवलेली जिल्हावार विशेष न्यायालये, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आलेली नाहीत. विनाकारण अटकेबद्दलच्या भरपाईची एक हजार रुपयांची मर्यादा मात्र तिच्यात कायम आहे.