जनुक नियमन, उत्क्रांती, हार्डी-वाइनबर्ग: तिन्हींची एकत्र उजळणी

बारावी सायन्सचे विद्यार्थी आणि पालक यांच्यासाठी, आमच्या दादरच्या जीवशास्त्र वर्गातर्फे

लॅक ऑपेरॉन (लॅक्टोज पचवायला लागणाऱ्या, एकत्र चालू-बंद होणाऱ्या जनुकांचा गट) पाठ आहे, उत्क्रांतीच्या थिअरी पाठ आहेत, हार्डी-वाइनबर्गचं सूत्रही (समूहात जनुकाच्या दोन रूपांचं प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या कधी समतोलात राहतं, ते सांगणारं) पाठ आहे. पण प्रश्न जरा फिरवून आला की काही सुचत नाही. उजळणीला येणारी बरीच मुलं हेच सांगतात. हे भाग पुस्तकात लांब लांब येतात आणि वेगवेगळ्या महिन्यांत शिकवले जातात. आम्ही ते सलग घेतो आणि सुरुवात करतो दुधातल्या साखरेपासून, म्हणजे लॅक्टोजपासून.

ई. कोलाय जिवाणू लॅक्टोज पचवणारी एन्झाइम्स सतत बनवत बसत नाही. लॅक्टोज नसताना रिप्रेसर (जनुकं बंद ठेवणारं प्रथिन) ऑपरेटरवर, म्हणजे जनुकांआधीच्या डीएनएतल्या जागेवर, बसलेला असतो आणि झेड, वाय, ए ही तिन्ही जनुकं जवळजवळ बंद असतात. लॅक्टोज आत आलं की त्यापासून तयार झालेलं अ‍ॅलोलॅक्टोज रिप्रेसरला चिकटतं, रिप्रेसर सुटतो आणि काम सुरू होतं. फ्रेंच शास्त्रज्ञ जेकब आणि मोनो यांनी हे १९६१ मध्ये मांडलं. १९६५ चं नोबेल त्यांना ल्वॉफ यांच्यासह मिळालं. लॅक्टोज थेट ऑपरेटरवर बसतं, असं लिहून मुलं हातचे मार्क घालवतात. म्हणून आम्ही आकृती नुसती काढून घेत नाही, तिच्यात बिघाड करायला लावतो. रिप्रेसर बनवणारं आय जनुक निकामी झालं तर? ऑपरेटर असा बदलला की रिप्रेसर बसूच शकत नाही, तर? दोन्ही वेळा ऑपेरॉन चालूच राहतो. पण पेशीत चांगल्या आय जनुकाची एक प्रत घातली तर पहिला बिघाड सुटतो, दुसरा सुटत नाही. असं का, हे मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे.

मग माणसाकडे वळायचं. माणसात ऑपेरॉन नाही, पण चालू-बंदचा प्रश्न आहेच. तान्ह्या बाळात लॅक्टेज, म्हणजे लॅक्टोज पचवणारं एन्झाइम, भरपूर असतं. पुढे बहुतेकांत ते कमी होतं, काहींत मात्र आयुष्यभर टिकतं. हा फरक लॅक्टेजच्या जनुकात नसून शेजारच्या जनुकात असलेल्या त्याच्या नियमनाच्या जागेत आहे. गुरं पाळणाऱ्या समाजांत असे बदल नैसर्गिक निवडीने वाढले. युरोपात एक, आफ्रिकेत दुसरेच, स्वतंत्रपणे. युरोपातला बदल भारतातही सापडतो, वायव्येकडे जास्त, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे कमी. दूध प्यायला लागल्यामुळे उत्परिवर्तन झालं, असं कुणी लिहिलं की आम्ही तिथेच थांबवतो. उत्परिवर्तन गरज पाहून होत नाही, निवड त्यानंतरची.

हार्डी-वाइनबर्गला (१९०८) आम्ही सगळ्यात जास्त वेळ देतो, आणि उदाहरण आपल्याच शहरातलं घेतो. १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत सापडलेल्या बॉम्बे रक्तगटाची माहिती प्रसिद्ध केली. या लोकांच्या लाल पेशींवर एच अँटिजेन (ए आणि बी रक्तगटांच्या खुणा ज्यावर तयार होतात तो रेणू) नसतो. नेहमीच्या तपासणीत ते ‘ओ’ वाटतात, पण त्यांना ‘ओ’ रक्त चालत नाही. भारतात प्रमाण साधारण १०,००० जणांत १ धरा. जनुकाच्या अप्रभावी रूपाचं प्रमाण क्यू, प्रभावीचं पी; दोन्ही प्रती अप्रभावी असतील तरच हा रक्तगट दिसतो. म्हणजे क्यू वर्ग ०.०००१, क्यू ०.०१, पी ०.९९. वाहक (एकच अप्रभावी प्रत असलेले) २ पी क्यू, म्हणजे ०.०१९८, जवळपास ५० जणांत १! हा आकडा फळ्यावर आला की वर्गात कुजबुज सुरू होते. लगेच पुढचा प्रश्न विचारायचा: हे सूत्र इथे पूर्ण लागू पडतं का? नाही. सूत्र यादृच्छिक विवाह (कुणाचंही लग्न कुणाशीही) गृहीत धरतं, आणि आपल्याकडे लग्नं जातीत, काही ठिकाणी नात्यातही होतात. तेव्हा वाहकांचा खरा आकडा यापेक्षा कमी असणार. एवढं उमगलं की समतोल कशाकशाने मोडतो, ती यादी वेगळी घोकावी लागत नाही.

गणितात एक पथ्य पाळा: वर्गमूळ नेहमी अप्रभावी लक्षणाच्या प्रमाणाचं काढायचं, प्रभावीचं नाही.

बॅच परीक्षेआधीच्या शनिवार-रविवारी दुपारी असते. शिकवणं मराठीतून, संज्ञा मात्र कॉलेजात वापरतात त्याच. येताना पाठ्यपुस्तक आणा, गाईड नको. कॅल्क्युलेटरही नको, परीक्षेत तो मिळत नाही. पहिला तास बसून पाहा, पटलं तरच फी भरा.