गव्हांकुराचा रस आपल्या घरात आला कसा, आणि यंत्रं कशी बदलत गेली

सोलापुरात घरात गहू उगवायची सवय जुनी आहे. घटस्थापनेला शेतातली काळी माती आणायची, पत्रावळीवर किंवा परडीत पसरायची, त्यात गहू-ज्वारी पेरायची आणि मधोमध पाण्यानं भरलेला घट ठेवायचा. मातीच्या घटातून पाणी पाझरत राहतं आणि दसऱ्यापर्यंत वीतभर धान वर येतं. सीमोल्लंघनाला तेच टोपीत खोचतात. देवघराच्या अंधारात ते पिवळट राहतं, कारण हिरवा रंग यायला उजेड लागतो. पण दिवसांचा आणि उंचीचा हिशेब आज ट्रेमध्ये गव्हांकुर लावणाऱ्याच्या हिशेबाशी तंतोतंत जुळतो. ते धान पिळून प्यायचा रिवाज मात्र आपल्याकडे नव्हता. तो विचार अमेरिकेतून आला आणि त्याची सुरुवात कोंबड्यांपासून झाली.

१९३० साली अमेरिकेतल्या कॅन्सस सिटी भागात चार्ल्स श्नाबेल नावाचे कृषी रसायनतज्ज्ञ आजारी, मरायला टेकलेल्या कोंबड्यांना कोवळं धान्याचं गवत कापून खाऊ घालत होते. कोंबड्या सावरल्या, इतकंच नाही तर त्यांची अंडीही वाढली. श्नाबेल यांनी मग ते गवत वाळवून त्याची पूड केली आणि ती शेजाऱ्यापाजाऱ्यांना, पुढे कंपन्यांना दाखवली. क्वेकर ओट्ससारख्या मोठ्या कंपनीनं त्यात पैसा घातला. १९४० पर्यंत त्या पुडीचे डबे अमेरिका आणि कॅनडातल्या औषधांच्या दुकानांत मिळू लागले होते. श्नाबेल यांचं सगळ्यात टिकाऊ निरीक्षण वेळेबद्दलचं आहे: गवतात पोषण सर्वाधिक असतं ते रोप कांडी धरण्याआधी. कांडी धरली की रोपाचं बळ दांड्याकडे आणि पुढे ओंबीकडे वळतं आणि पान चिवट होतं. आपल्याकडचा कोणताही गहू पिकवणारा शेतकरी ही अवस्था नजरेनं ओळखतो.

लक्षात घ्यायची गोष्ट ही की श्नाबेल यांचं गवत वाळलेलं होतं. ‘थोडासा गव्हांकुराचा रस म्हणजे किलोभर भाजी’ हे जे वाक्य आज सर्रास ऐकू येतं, त्याचं मूळ त्यांच्या नावावरच्या एका दाव्यात आहे. पंधरा पौंड गवत बागेतल्या साडेतीनशे पौंड भाज्यांच्या तोडीचं, असा तो दावा. वाळलेल्या गवतातलं पाणी निघून गेलेलं असतं, त्यामुळे त्याची ओल्या भाजीशी केलेली तुलना मुळातच एकांगी आहे. ताज्या रसात बहुतांश पाणीच असतं. ३० मिलिलिटर रसात एक ग्रॅमभरही प्रथिनं नसतात आणि एकूण पोषण साध्या हिरव्या भाजीच्या आसपासच भरतं. हा रस निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. पण मेथी-शेपू बंद करून त्यावर भिस्त ठेवणाऱ्याची फसगत होते, म्हणून हे स्पष्ट लिहिणं मला गरजेचं वाटतं.

ताज्या रसाचं श्रेय जातं ॲन विगमोर यांच्याकडे. त्यांचा जन्म १९०९ सालचा, लिथुआनियातला. पुढे त्या अमेरिकेत आल्या आणि बोस्टनमध्ये त्यांनी हिप्पोक्रेटिस नावाची आरोग्यसंस्था उभी केली. खिडकीत ट्रे ठेवून गहू उगवायचा, कापायचा आणि लगेच रस काढून प्यायचा, ही आज आपण करतो ती पद्धत त्यांनी घरोघरी नेली. हरितद्रव्य आणि रक्तातलं हिमोग्लोबिन यांची रचना सारखी असते, यावर त्यांचा मोठा भर होता. रचनेतलं साम्य खरं आहे. हान्स फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला १९३० चं नोबेल याच दोन रंगद्रव्यांवरच्या कामासाठी मिळालं. दोन्हींच्या रेणूत अणूंचं एक कडं असतं. हिमोग्लोबिनमधल्या कड्याच्या मध्यभागी लोह असतं, हरितद्रव्यातल्या कड्यात मॅग्नेशियम. पण प्यायलेल्या हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम काढून तिथे लोह बसवण्याची सोय शरीरात नाही. ‘हिरवं रक्त’ हे नाव म्हणूनच दिशाभूल करणारं आहे. विगमोर यांचे दावे पुढे वाढतच गेले. मधुमेह्यांना इन्शुलिनची गरज उरणार नाही, अशा अर्थाच्या प्रचारावरून १९८२ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याच्या ॲटर्नी जनरलनी त्यांच्यावर दावा दाखल केला आणि विगमोर यांना तो प्रचार मागे घ्यावा लागला. १९८८ मध्ये एड्सबद्दलच्या दाव्यांवरून त्यांना पुन्हा कोर्टात खेचलं गेलं.

आपल्याकडे या कल्पनेला जमीन तयार मिळाली ती निसर्गोपचारामुळे. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या उरुळी कांचनला १९४६ मध्ये गांधीजींनी निसर्गोपचार आश्रम सुरू केला आणि पुढे मणिभाई देसाईंनी तो वाढवला. माती, पाणी, ऊन, कच्चा आहार यांवर विश्वास असलेला मोठा वर्ग महाराष्ट्रात त्यामुळे घडला. घरात उगवलेलं गवत पिण्याची गोष्ट या वर्गाला परकी वाटली नाही.

भारतात गव्हांकुराकडे डॉक्टरांचं लक्ष वळलं ते थॅलेसेमियाच्या मुलांमुळे. या मुलांना आयुष्यभर ठरावीक दिवसांनी रक्त चढवावं लागतं. काही पालकांनी ऐकीव माहितीवरून मुलांना गव्हांकुराचा रस सुरू केला आणि फरक पडतो असं ते सांगू लागले. चंडीगडच्या पीजीआय या संस्थेतल्या डॉक्टरांनी ते कानाआड केलं नाही. घरीच गहू उगवून रोज सुमारे १०० मिलिलिटर रस द्यायचा, असा प्राथमिक अभ्यास त्यांनी केला आणि २००४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. १६ मुलांपैकी ८ जणांची रक्ताची गरज पाव हिश्शानं किंवा त्याहून अधिक कमी झाली होती. ज्या घरात महिन्याला रक्ताच्या पिशवीसाठी धावपळ असते, त्या घराला या आकड्यानं केवढी आशा दिली असेल! पण अभ्यास छोटा होता, त्यात तुलनेसाठी वेगळा गट नव्हता आणि पुढे गव्हांकुराच्या गोळ्या देऊन केलेल्या पाहणीत तसा फायदा दिसला नाही. त्याआधी २००२ मध्ये इस्रायलमध्ये मोठ्या आतड्याच्या दाहाच्या २३ रुग्णांवर महिनाभराची चाचणी झाली होती आणि तीत रस घेणाऱ्यांचा त्रास कमी झाल्याचं दिसलं. तीही छोटीच. यांपैकी कोणत्याही अभ्यासावरून चालू उपचार थांबवायचं कारण मिळत नाही. आणि जे वॉरफरीनसारखी रक्त पातळ करणारी गोळी घेतात, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रस सुरूच करू नये, कारण हिरव्या पानांतलं के जीवनसत्त्व त्या गोळीच्या विरुद्ध काम करतं.

आता यंत्रांकडे. रस काढणं आपल्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. आयुर्वेदात औषध तयार करण्याच्या पाच मूळ पद्धतींत ‘स्वरस’ पहिला. चरकसंहितेत तो यंत्रानं पिळून काढायला सांगितला आहे. शार्ङ्गधरसंहितेत ताजी वनस्पती कुटून कापडातून पिळायची आणि स्वरस जड म्हणून मात्रा अर्ध्या पळाची, म्हणजे साधारण २४ ग्रॅमची. आज गव्हांकुराची जी छोटी मात्रा घेतात ती याच्या जवळपास जाते. अडुळशाचा, दूर्वांचा रस आजी पाटा-वरवंट्यावर ठेचून पातळ फडक्यातून काढायची, तो शार्ङ्गधराचाच मार्ग.

मोठ्या प्रमाणावर पिळायचं यंत्र म्हणजे चरक. सोलापूर हा आज साखर कारखान्यांचा जिल्हा, पण कारखान्यांच्या आधी गुऱ्हाळं होती आणि गुऱ्हाळात बैलांनी फिरवलेला लाकडी चरक. १८७० च्या दशकात बिहारमधल्या बिहिया इथे थॉमसन आणि मिल्न यांनी लोखंडी लाट्यांचा चरक बनवला आणि तो देशभर पसरला. पुढे किर्लोस्करवाडीतूनही लोखंडी चरक निघू लागले. या सगळ्या यंत्रांत चाल संथ आणि दाब जबर असतो.

गव्हाच्या पानाला नेमकं हेच लागतं. पान पातळ, पण त्याचे तंतू लांब आणि चिवट. गाजर किसलं की पाणी सोडतं. गवत कितीही चिरलं तरी रस आत धरून ठेवतं. ते चेचावं लागतं. गेल्या शंभर वर्षांतली ज्युसरची सगळी धडपड या एका फरकाभोवती फिरते. अमेरिकेत १९३० च्या दशकात नॉर्मन वॉकर यांनी आधी किसून मग कापडात घालून दाबणारं यंत्र बनवलं. १९५५ मध्ये चॅम्पियन नावाचं, पदार्थ दातांखाली घातल्यागत चावून रस काढणारं यंत्र आलं. १९९० च्या दशकात कोरियात एकमेकांत गुंतून फिरणाऱ्या दोन दंतचक्रांचे ज्युसर बनले. गवतासाठी अजूनही तेच सगळ्यात सरस मानतात. त्यानंतर उभ्या स्क्रूचे स्लो ज्युसर आले, मिनिटाला पन्नास-साठ फेऱ्यांच्या आसपास फिरणारे.

आपल्या घरांत मात्र क्रम उलटा लागला. आधी आला मिक्सर. १९६० च्या दशकात सुमीतसारखे देशी मिक्सर निघाले ते इडली-डोशाचं पीठ, वाटण आणि चटणी डोळ्यांसमोर ठेवून. त्याचं पातं मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे घेतं. गव्हांकुर त्यात तसे टाकले तर पात्याभोवती गुंडाळतात, म्हणून बोटाच्या पेराएवढे तुकडे करून पाणी घालावं लागतं. फेस भरपूर येतो. मग फडक्यातून पिळायचं. सोलापुरात आजही बहुतेक घरांत रस असाच निघतो आणि त्यात कमीपणा काही नाही. पाणी मिसळलेला रस पोटाला हलका लागतो, पहिल्यांदा घेणाऱ्याला मळमळही कमी होते. मिक्सरच्या वेगानं रसातले एन्झाइम मरतात, म्हणून तो फुकट, असं विक्रेते सांगतात. एन्झाइम हीसुद्धा प्रथिनंच, ती पोटात पचूनच जातात. मिक्सरचा खरा तोटा म्हणजे फडक्यात राहून जाणारा रस.

नंतर ज्युसर-मिक्सर-ग्राइंडर आले, फिरत्या जाळीचे. दिवाळीच्या ऑफरमध्ये, लग्नाच्या आहेरात ते घरोघरी गेले. गाजर, बीट, मोसंबीला उत्तम. गवताला मात्र हे सगळ्यात वाईट यंत्र. पान दात्यांवर पुरतं फाटतही नाही, ओलंच चोथ्याच्या भांड्यात जाऊन पडतं. चोथा मुठीत दाबला तर बोटांतून हिरवा रस गळतो, म्हणजे यंत्रानं काय केलं ते कळतं.

हाताचं यंत्र मला गव्हांकुरासाठी सगळ्यात योग्य वाटतं. खिमा काढायच्या यंत्राच्या धर्तीवरचं, नळीत स्क्रू, खाली जाळी, पुढे दाब कमी-जास्त करायचा नट. दांडा फिरवला की पान पुढे सरकतं, नळी अरुंद होते, जाळीतून गडद हिरवा रस थेंबथेंब उतरतो आणि तोंडातून चोथ्याची जवळपास कोरडी वात बाहेर येते. वात ओली असेल तर नट अर्धा फेरा आवळायचा आणि चोथा पुन्हा घालायचा. भारनियमनाच्या वर्षांत पहाटे वीज नसायची तेव्हा हे यंत्र असलेल्यांचा रस कधी चुकला नाही. अडचण एकच, ओट्याची. या यंत्रांचा क्लॅम्प लाकडी टेबलाच्या कडेसाठी बनवलेला असतो. आपल्या ओट्याच्या गोल केलेल्या जाड कडेवर तो बसत नाही. जाड फळीला किंवा स्टुलाला पक्का करून जमिनीवर बसून फिरवणं सोपं जातं. कल्हई केलेलं लोखंडी यंत्र वापरल्याबरोबर धुऊन, पुसून, कोरडं करून ठेवावं, नाहीतर पंधरवड्यात स्क्रूच्या कडांवर गंज दिसतो.

पेरण्याबद्दल थोडं, कारण रस शेवटी तिथेच ठरतो. गहू खायचा घ्यावा, लोकवन चालतो. पेरणीच्या बियाण्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं, ते गुलाबी दिसणारं बी घेऊच नये. रात्रभर भिजवून, मोड आणून, मातीच्या पातळ थरावर दाट पसरावं. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीपार जातो तेव्हा ट्रे गच्चीवर न ठेवता उत्तरेच्या खिडकीत ठेवावा आणि पाणी शिंपडावं, ओतू नये. मुळांत पांढरी बुरशी धरली, कुबट वास आला तर तो ट्रे टाकून द्यावा. आणि आपल्या भागासाठी सगळ्यात महत्त्वाचं: गव्हाऐवजी ज्वारी लावू नये. मालदांडीच्या मुलखात ज्वारी हाताशी असते, पण तिच्या कोवळ्या पानांत धुरिन हा घटक असतो आणि त्यातून सायनाइड सुटतं. कोवळी ज्वारी खाऊन जनावरं दगावतात हे शेतकऱ्यांना ठाऊक आहे. गव्हात ज्वारीचे दाणे मिसळलेले असतील तर भिजवण्याआधीच निवडून काढावेत.

यंत्र घ्यायचं ठरवाल तेव्हा घरात रस किती जण घेणार ते आधी पाहा. एकट्या-दुकट्यासाठी हाताचं पुरतं. मिक्सर घरात आहेच, त्यावर महिनाभर चालवून रस अंगी लागतो का, मुख्य म्हणजे रोज ट्रे लावणं निभतं का, ते बघावं. चार जणांसाठी किंवा रोज १०० मिलिलिटर काढायचा असेल तर मोटरचं संथ यंत्र घ्यावं. आडव्या स्क्रूचं मिळालं तर गवताला ते बरं. उभ्या यंत्रात पानं बारीक कापून घालावी लागतात, नाहीतर तंतू स्क्रूला गुंडाळून जाळी तुंबते. आणि दुकानातच विचारून घ्यावं की जाळी आणि रबरी रिंग सुटी मिळते का, कारण आधी तीच जाते.