निळं कव्हर म्हणजे ब्लूज? जॅझ मासिकांच्या रंगांचं खरं कारण

एक फॉरवर्ड बरीच वर्षं फिरतंय, की १९५०-६०च्या काळातल्या अमेरिकन जॅझ मासिकांच्या कव्हरवर काळ्यासोबत एकच रंग असायचा तो म्हणजे कोड होता, निळा असेल तर आत ब्लूज (उदास सुरांचं, जॅझच्या जवळचं संगीत), नारिंगी असेल तर जोशातलं संगीत. ब्लूजच्या नावातच निळा आहे त्यामुळे पटतंही लगेच.

पण खरं कारण छपाईच्या खर्चात आहे. फुल कलर फोटो छापायचा तर चार प्लेट्स (प्रत्येक शाईसाठी छपाईचा वेगळा पत्रा) लागतात, निळसर, गुलाबी, पिवळी, काळी, शिवाय रंग वेगळे करून घ्यायचा खर्च, आणि तेव्हा हे फार महाग पडायचं. काळ्याबरोबर एकच शाई घेतली की दोन प्लेट्समध्ये काम भागायचं. मग सॅक्सोफोनवाल्याचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो, मागे सपाट रंग आणि मोठी अक्षरं कोऱ्या कागदाचीच पांढरी सोडलेली, म्हणजे तिसरा रंग फुकटात. डिझायनर लोकांनी एवढ्या अडचणीतून जे काढलंय ना, ते मला आजही फार आवडतं. मूड बघून कोणी निळा निवडलाही असेल, पण तसा नियम नव्हता.

तपासायचं असेल तर जुना अंक दहापट भिंगाखाली धरा. चार रंगांच्या छपाईत रंगीबेरंगी ठिपके दिसतात, इथे साधारणपणे काळेच ठिपके आणि मागे सलग रंग, कधी कडेला केसाएवढी पांढरी फट पण, प्लेट जराशी सरकल्याची. आणि जमलं तर निळ्या कव्हरच्या चार-पाच अंकांची अनुक्रमणिका वाचून बघा, कोड असता तर सगळीकडे ब्लूजच सापडला असता.